इंजिन बंद करून बघा

मी आठवी पास नाही. आठवीत बसलो होतो, एवढंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण साताऱ्यात हायवेला लागून जे गॅरेज आहे तिथं मी तोंड उघडलं की कुणीतरी हे माझ्यासमोर ठेवायचंच. ठेवा. मी पण ठेवतो.

माझं गाव जतच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला. आईला आम्ही अव्वा म्हणतो. तिकडं पाऊस म्हणजे पाहुणा, आणि इथं साताऱ्यात पहिल्या वर्षी अंथरूण महिनाभर वाळलं नव्हतं. बायको आणि पोरगी गावाकडं. कामाला कुणी ठेवत नव्हतं तेव्हा गॅरेजच्या मालकांनी ठेवलं. साठी ओलांडलेले, सगळे त्यांना चाचा म्हणतात. कागद मागितला नाही, शाळा विचारली नाही. गॅरेजच्या माडीवरची खोली दिली आणि पहिल्या दिवसापासून चाचींचा डबा माझ्या नावानं यायला लागला. त्या डब्याचं मला अजून ओझं वाटतं. चांगल्या अर्थानं, पण ओझंच. आज आपल्याला जा म्हणतील, ही धाकधूक रोज सकाळी शटर उचलताना असायची.

चाचांचा एक नियम होता. गाडीतनं जे निघेल ते गाडीवाल्याचं. शेंगेचं टरफल असलं तरी वर्षभर फेकायचं नाही. त्यासाठी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा होता. हेअरपिना, नाणी, पोरांच्या खेळण्यांची चाकं, सगळं त्यात.

पावसाळा संपला की महाबळेश्वरच्या टॅक्स्या खाली आमच्याकडं येतात. चार महिने धुक्यात आणि पाण्यात उभ्या राहून आतून बुरशी धरलेली असते. हवा सोडली की ओल्या गोणपाटाचा वास. मग डॅशबोर्डचा डावा खण काढायचा, त्यामागचा हवा फेकणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, खोलायचा, त्याचं पिंजऱ्यासारखं गोल चाक बाहेर काढून ब्रशनं धुवायचं. हे काम किचकट आणि घाणेरडं, म्हणून ते माझ्याकडं. मी ते जीव लावून करायचो. पात्यापात्यातनं ब्रश फिरवायचो.

एका वर्षी जानेवारीत, स्ट्रॉबेरीचा माल जोरात असताना, महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला तिसऱ्यांदा गाडी घेऊन आला. पन्नाशीचा माणूस, बोलायला तिखट. गाडी थरथरत होती. पायाखाली, डॅशबोर्डला, डाव्या दाराला. एका हॉटेलवाल्यानं त्याला सांगितलं होतं, ही ठोकलेली गाडी आमच्या पाहुण्यांना नको.

आमचा फोरमन डिप्लोमावाला, वयानं माझ्याएवढाच. त्यानं पहिल्या खेपेला चाकांचा तोल बघितला. दुसऱ्या खेपेला इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसतं ती बदलली. थरथर होती तिथंच. आता तो म्हणाला, एसीचा कॉम्प्रेसर उतरवायचा.

"दिवाळीपासनं सुरू हाय हे," टॅक्सीवाला म्हणाला. "आन सकाळी सकाळी लय. काचंवरचं धुकं जावं म्हून हीटर लावतो, तवा तर दात वाजत्यात."

"थंडीनं वाजत असतील," फोरमन म्हणाला. दोघंतिघं हसले.

मी खाली बसून दुसऱ्या गाडीचं चाक आवळत होतो. गिऱ्हाइकासमोर कामगारानं बोलायचं नाही, हा गॅरेजचा रिवाज. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. हीटरला कॉम्प्रेसर लागतो कुठं? हीटरला लागतं इंजिनचं गरम पाणी आणि ब्लोअर. एसीला लागतो कॉम्प्रेसर आणि ब्लोअर. दोन्हीकडं थरथर असेल तर दोन्हीकडं सामाईक काय, एवढं तर आठवीत बसलेल्याला पण कळतं.

पाना हातात तसाच ठेवून मी उठलो. "इंजिन बंद करून बघा," म्हणालो.

"काय?" फोरमन.

"तुमी प्रत्येक खेपेला इंजिन चालू ठेवून बघताय. बंद करा, नुसती चावी फिरवा आन ब्लोअर लावा. कॉम्प्रेसर उतरवायचा न्हाई."

"हां, आलं जतचं विद्यापीठ," तो म्हणाला. "आन न्हाई निघालं तर?"

"न्हाई निघालं तर पिशवी भरतो."

का म्हणालो असं? मला माहीत नाही. पण शब्द मागं घ्यायचं मनात आलं नाही. चाचा ऑफिसच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "बघू दे रं त्याला."

मी पाणी प्यायचा स्टीलचा पेला घेतला, काठोकाठ भरला आणि डॅशबोर्डवर डाव्या बाजूला ठेवला. इंजिन बंद. चावी फिरवली. ब्लोअर एकवर: पाणी गप्प. दोनवर: काठाशी बारीक सुरकुती. तीनवर पेल्यात गोल गोल वळ्या पडल्या, आणि चारवर पाणी सांडून खाली आलं. ब्लोअर बंद केला, पाणी थांबलं. पुन्हा लावला, पुन्हा सांडलं.

टॅक्सीवाल्यानं दाराला हात लावून बघितलं. "ह्यीच. ह्यीच ती," तो म्हणाला.

मला हसू येत होतं, मी दाबलं. पेला पुन्हा भरून गाडीच्या टपावर ठेवला आणि खण काढायला सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत उताणा झालो.

हे मला कसं सुचलं ते सांगतो. आमच्या खळ्यावर उफणणीचा विजेचा पंखा होता. त्याचं एक पातं टोकाला मोडलेलं. चालू केला की तो खालच्या लोखंडी घोड्यासकट खळ्यावर चालायला लागायचा, ज्वारी सोडून बांधाकडं. वडिलांनी त्या मोडक्या पात्याला तारेचे वेढे घातले, एक घालायचे, एक काढायचे, करत करत वजन जुळवलं. मग पंखा जागचा हलला नाही. फिरणाऱ्या गोष्टीची एक बाजू हलकी झाली की ती सगळ्या घराला हलवते, हे मी शाळेत नाही, खळ्यावर शिकलो.

ब्लोअरचं चाक बाहेर काढलं. चिखल नाही, पाला नाही, उंदराचं घरटं नाही. स्वच्छ. पातं एकही मोडलेलं नाही. मी ते उजेडाकडं धरून फिरवलं, आणि एका पात्याच्या कडेला नखाएवढी खूण दिसली. बाकी प्लास्टिक मळकं काळं, तेवढी जागा नवी. तिथं काहीतरी बसलेलं होतं. वर्षानुवर्षं.

तेव्हा मला दिवाळीआधीचं धुणं आठवलं.

ती जुनी गाडी, आत हवेला फिल्टर नव्हता. टॅक्सीवाला हंगामात पुढच्या सीटसमोर स्ट्रॉबेरीचे बॉक्स घालून आणायचा, आणि बॉक्सच्या पिना कुठंकुठं पडायच्या. दिवाळीच्या आधी मीच हा ब्लोअर धुतला होता. तळाला दोन गंजक्या पिना निघाल्या. तिसरी पात्याला चिकटलेली दिसली, ती मी पक्कडीनं ओढून काढली आणि तिन्ही डब्यात टाकल्या. धुऊन झाल्यावर एक नंबरवर चालवून बघितला, हवा गोड आली, खूश झालो. वडिलांची तार मी कधी काढली असती का? नाही. पण ती तार आहे हे मला माहीत होतं. ही तिसरी पिन म्हणजे कंपनीनं तोल सांभाळायला बसवलेली क्लिप होती, आणि मी ती कचरा समजलो.

मी बिस्किटाचा डबा आणून पालथा केला. क्लिप सापडली. खुणेवर ठेवली, चपखल बसली. चाक लावून चावी फिरवली, चारवर. दार गप्प होतं.

फोरमन माझ्याजवळ वाकला. हळू आवाजात म्हणाला, "बास. खण लाव. पंख्यात पिन अडकलीवती, असं सांगतो मी. इज्जत तुजी बी ऱ्हाती, माजी बी."

तो वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं माझ्या फायद्याचंच होतं. शिक्षणाचं म्हणाल तर मी उघडा, गाव लांब, खोली चाचांची, डबा चाचींचा. पण पिनेवर काय म्हणून घालायचं? बॉक्स टॅक्सीवाल्याचे, म्हणजे चूक त्याची झाली असती. तोल कुणी घालवला हे मी शोधून काढलं होतं, फोरमननं नाही. मग ते अर्धं कशाला सांगू?

मी बाहेर आलो. "चाचा, हिची क्लिप मीच काढलीवती. दिवाळीला. बॉक्सची पिन समजून. ह्यांच्या बॉक्सचा काय संबंध न्हाई, आन गाडी ठोकलेली न्हाई. हॉटेलवाल्याला सांगा तसं."

टॅक्सीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. "म्हंजी दोन महिनं मी तुझ्यामुळं थरथरलो व्हय?"

"व्हय."

"आन ही माउंटिंग बदलली ती?"

"ती फुकट गेली," चाचा मधेच म्हणाले. "तिचं पैसं आमच्याकडं."

टॅक्सीवाल्यानं टपावरचा पेला उचलला आणि आतलं सगळं पाणी पिऊन टाकलं. "ऊन नव्हतं म्हून बरं, पाणी गार ऱ्हायलं," एवढंच बोलून गाडीत बसला.

तो गेल्यावर चाचा डब्यापाशी आले. पालथ्या पडलेल्या पसाऱ्यात बोट फिरवत राहिले. मी म्हणालो, "पिशवी भरू का?"

"पैज तर जिंकलास की तू."

"चूक पण माजीच निघाली."

त्यांनी पसाऱ्यातनं दोन तुकडे वेगळे काढून माझ्या तळहातावर ठेवले. गंजलेले, नखाएवढे. पिना नव्हत्या. तसल्याच क्लिपा.

"आणखी दोन गाड्या हायत गड्या," ते म्हणाले. "कुठल्या, तुला तरी आठवतंय का?"

मला आठवत नव्हतं. दिवाळीच्या आधी महाबळेश्वरच्या अकरा गाड्यांचे ब्लोअर मी धुतले होते.

फोरमन म्हणाला, येतील तेव्हा बघू, कुणाची तक्रार आलीय का? चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी ऑफिसात गेलो, वहीतनं नंबर काढले आणि पहिला लावला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. गॅरेज सगळं ऐकत होतं. ऐकू दे.

"साताऱ्याच्या गॅरेजातनं बोलतोय," मी म्हणालो. "दिवाळीच्या आधी तुमच्या गाडीचा ब्लोअर मी धुतला. माझ्याकडनं चूक झाली असंल. इंजिन चालू करू नका. नुसती चावी फिरवा, ब्लोअर चारवर ठेवा आन दाराला हात लावून मला सांगा."

पलीकडनं आवाज आला, "कोण बोलतंय?"

मी पूर्ण नाव सांगितलं. गाव पण सांगितलं.