टाचणी लावलेलं पान

नाना चिटणीस स्वतःच बोलावलेल्या सभेतून उठून बाहेर जाऊन बसत. नुसते बसत नसत, चांगले ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसत. आमच्या शाळेच्या कार्यालयाबाहेर, पाण्याच्या टाकीशेजारी एक लाकडी बाक होतं. ज्या सदस्याच्या घरच्या माणसाचा विषय सभेत निघेल, त्यानं तेवढ्यापुरतं बाहेर जायचं आणि आतून बोलावणं येईपर्यंत त्या बाकावर बसायचं, असा आमच्या नियामक मंडळाचा नियम होता. तो नानांनीच केलेला. अध्यक्ष होते एक डॉक्टर. त्यांच्या नातवाच्या प्रवेशाचा विषय आला तेव्हा नानांनी त्यांनाही उठवलं. "माझ्या दवाखान्यात पेशंटसुद्धा इतका वेळ बाहेर बसत नाहीत," असं पुटपुटत डॉक्टर गेले. नाना म्हणाले, "बसत असतील. आपण आत असता, आपल्याला दिसत नाही."

नाना एका विमा कंपनीत हेडक्लार्क होते आणि संध्याकाळी आमच्या मंडळाचे चिटणीस. पँटला क्लिपा लावून सायकलवरून येत. चिटणीसपद इतकी वर्षं सांभाळलं की लोक त्यांचं आडनाव विसरले. त्यांच्या नावाची पत्रंसुद्धा 'नाना चिटणीस' एवढ्यावर पोचत. पेठेतल्या सात-आठ घरांनी मिळून ही शाळा काढली होती आणि सरकारी अनुदान घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्याचा बाकीच्यांना अभिमान होता. नानांना मात्र त्याची धास्ती होती. "अनुदान नाही म्हणजे जाब विचारायला कुणी नाही," ते म्हणत. "मग तो आपला आपणच विचारायचा. आणि स्वतःला जाब विचारणारा माणूस फार लवकर समाधानी होतो, म्हणून नियम हवेत."

नियमांचा त्यांचा सोस कधीकधी हसू येण्याइतका होता. सभेला चारजण आल्याशिवाय गणसंख्या होत नसे. एकदा तिघंच आले. नानांनी घड्याळ पाहिलं आणि 'गणसंख्येअभावी सभा तहकूब' असं लिहून टाकलं. तहकूब सभा अर्ध्या तासानं त्याच जागी घेता येते आणि तिला गणसंख्या लागत नाही, हाही नियमच. तेव्हा तेच तिघं त्याच खुर्च्यांवर अर्धा तास समोरासमोर बसले. मधे डॉक्टरांनी गच्ची गळतेय असा विषय काढला, तर नाना म्हणाले, "आत्ता सभा नाही. हवेबद्दल बोला."

शिक्षकांच्या खोलीत मात्र ते कधी बसले नाहीत. दारात उभे राहूनच बोलायचे. मी नवीन असताना एकदा खुर्ची पुढे केली, तर म्हणाले, "नको बाई. मी मंडळाचा माणूस. मी बसलो की तुमच्या गप्पा थांबतात आणि मग तुम्ही मला बरं वाटेल तेवढंच सांगता." दर गुरुवारी ते मुलांच्या नळावर जाऊन ओंजळीनं पाणी पीत. पाणी खराब असेल तर आधी मंडळाचं पोट बिघडायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. दोनदा त्यांचं बिघडलंही.

हे सगळं मी हसत हसत सांगू शकते. पुढचं सांगताना माझा आवाज नीट राहत नाही, आणि तो राहावा असं मला वाटतही नाही.

मी या शाळेत लागले तेव्हा पुण्यात स्कूटरी कमी आणि सायकली फार होत्या. प्राथमिकची एकच जागा होती आणि शेवटी दोघी उरलो होतो. एक मी. दुसरी शुभदा, नानांची एकुलती एक मुलगी. ती याच शाळेत शिकलेली. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून बापलेकच एकमेकांना होते. शुभदाला दुसरं काही करायचंच नव्हतं. आपल्या शाळेत शिकवायचं, एवढंच ती चौथीपासून म्हणत आली होती.

चौथीच्या वर्गावर दोघींनी एकेक पाठ घ्यायचा होता. आधी तिचा झाला. मी शेजारच्या खोलीत बसून भिंतीतून ऐकत होते. आधी मुलं हसली, मग एकदम चिडीचूप झाली आणि तास संपल्यावर "बाई, अजून, अजून" म्हणून ओरडायला लागली. मग मी गेले. माझ्या हातातला खडू दोनदा मोडला. ओरडणं सोडाच, एका मुलानं जांभई दिलेली मला अजून आठवते.

शुभदाला नानांनी पाठ संपल्यासंपल्या घरी पाठवलं. चिटणीसांची मुलगी शाळेत रेंगाळताना दिसायला नको. मग आत सभा सुरू झाली आणि नाना बाहेर बाकावर येऊन बसले. मी समोरच्या वर्गात होते. त्यांच्या शेजारी एक कापडी पिशवी होती आणि तिच्यावर त्यांनी हात ठेवला होता. अर्ध्या तासानं डॉक्टरांनी बोलावलं. नाना आत गेले, बाहेर आले, आणि थेट माझ्याकडे येऊन म्हणाले, "अभिनंदन. मंडळानं आपली निवड केली आहे." मग पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला, त्याची दोरी सोडली आणि माझ्यापुढे धरला. मी दोन पेढे खाल्ले. नव्या शिक्षकांना इथे पेढे देतात, असं मला वाटलं. पुढे माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी शिक्षक लागले. त्यांतल्या कुणालाही कधी पेढा मिळाला नाही.

तरी डोक्यात प्रकाश पडायला मला फार वर्षं लागली. सगळ्या पेठेसारखी मीही समजत होते की, नानांनी तत्त्वापायी मुलीला डावललं. शुभदाही तेच समजत होती. त्या संध्याकाळी तिनं विचारलं, "नाना, तुम्हीच नको म्हणालात ना?" नाना म्हणाले, "मी बाहेर होतो. आत काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण मंडळानं ठरवलं, म्हणजे तू कुठेतरी कमी पडली असशील." हे मला स्वतः नानांनीच पुढे सांगितलं. वडील मुलीला असं बोलून गेले, याचं त्यांना काही वाटलं नसावं. जे खरं वाटलं तेच ते बोलले होते.

महिन्याभरात शुभदानं लोणी काळभोरच्या शाळेत नोकरी धरली. आधी एसटीनं जाऊन-येऊन करायची, मग तिथेच खोली घेतली आणि तिथल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं. सणाला घरी यायची. औषधं घेता का, गुडघा कसा आहे, असं विचारायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. शाळेबद्दल बापलेकीत एक शब्द निघत नसे. नाना मलाच विचारत, "लोणीची शाळा बरी आहे का हो? काही ऐकता?" मी काय ऐकणार! तरी बरी आहे म्हणून सांगायची.

आणि दरवर्षी वार्षिक निकालाच्या दिवशी नाना माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहत. मुलांची प्रगतिपुस्तकं बघत आणि म्हणत, "चांगलं शिकवता. मंडळ चुकलं नाही, बाई." पहिल्या वर्षी मी हरखून गेले. पुढे पुढे त्या वाक्याची मला सवय झाली, आणि खरं सांगायचं तर गरजही. खडू मोडणाऱ्या त्या मुलीचं पुढे बरं झालं, त्यात या वाक्याचा वाटा मोठा आहे. मी रात्रंदिवस खपले, ते हे वाक्य खोटं ठरू नये म्हणून.

वर्षं गेली. डॉक्टर गेले, जुने सदस्य गेले, नाना थकून घरी बसले. मी मुख्याध्यापिका झाले आणि त्या नात्यानं मंडळावरही आले. एका मे महिन्यात कार्यालयाच्या कपाटाला वाळवी लागली म्हणून सगळ्या वह्या बाहेर काढल्या. त्यात सभांच्या इतिवृत्ताच्या जुन्या वह्या होत्या, नानांच्या टपोऱ्या अक्षरातल्या. मधेच एखादं पान आत दुमडून टाचणी लावलेलं दिसे. हाही त्यांचाच नियम: जो सदस्य बाहेर बसला असेल, त्याच्या विषयाचं पान मिटून टाचायचं. त्याला फक्त निर्णय कळेल, आतली चर्चा नाही, आणि ते पान त्यानं कधीही वाचायचं नाही. या वह्या पंचवीस वर्षं नानांच्या ताब्यात होत्या. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला असे.

माझ्या निवडीच्या तारखेचं पान मी शोधून काढलं. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. ती न काढणंच बरं होतं. पण मी काढली.

आतलं अक्षर डॉक्टरांचं होतं, त्यामुळे दोनदा वाचावं लागलं. लिहिलं होतं: 'चिटणीसांच्या कन्येचा पाठ निःसंशय सरस ठरला. याबद्दल दुमत नाही. परंतु त्यांची नेमणूक केल्यास चिटणीसांस ते रुचणार नाही व त्यांच्या तत्त्वास बाधा येईल, असे सर्व सदस्यांचे मत पडले. सबब चिटणीसांविषयीच्या आदरापोटी दुसऱ्या उमेदवाराची नेमणूक करावी, असे एकमताने ठरले.'

दुसरा उमेदवार म्हणजे मी.

मला एकदम ती कापडी पिशवी आठवली. नाना मुलीला डावलायला बाहेर बसले नव्हते. आतल्यांनी मोकळेपणानं तिला निवडावं म्हणून बसले होते. येताना पेढे घेऊनच आले होते. आणि आतल्या भल्या माणसांनी त्यांचा मान राखण्यासाठी त्यांच्या मुलीचा बळी दिला. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. एकानं बाहेर येऊन "नाना, तुमची हरकत आहे का?" एवढं विचारलं असतं तर पुरलं असतं. पण बाहेर बसलेल्याला विचारायचं नाही, हा नियम होता.

नाना तेव्हा ऐंशीच्या पुढे होते, दोन खोल्यांत एकटेच राहत. मी महिन्यातून एकदा जात असे. जूनमध्ये गेले ती सांगायचं ठरवूनच. शुभदा कमी पडली नव्हती, पहिली आली होती, एवढंच सांगायचं होतं. त्यांनी लगेच लोणीला पत्र धाडलं असतं, नाहीतर रिक्षा करून स्वतःच गेले असते. मी चहा केला, समोर बसले. ते म्हणाले, "मुख्याध्यापिका झालात. बघा, मंडळ चुकलं नाही." आणि मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

मी स्वतःची समजूत घातली की, त्यांचं हृदय कमकुवत आहे, त्यांना हा धक्का सोसणार नाही. सगळं खोटं. ते वाक्य मला सोडवत नव्हतं. तीस वर्षं मी ज्याच्यावर उभी होते ते हेच एक वाक्य, आणि पान वाचून दाखवलं की ते पुन्हा ऐकायला मिळालं नसतं. जुलैत गेले, ऑगस्टमध्ये गेले, गणपतीनंतर गेले. दर वेळी चहा करून परत आले. दिवाळीनंतरच्या आठवड्यात नाना झोपेतच गेले.

इतिवृत्ताची वही शाळेबाहेर न्यायची नाही, हाही नानांचाच नियम. तो मोडून, वही वर्तमानपत्रात गुंडाळून मी लोणी काळभोरला गेले. स्टँडवर एका बाईला शुभदाचं घर विचारलं. "शुभदाबाईंचं व्हय? त्या देवळाच्या पल्याड हाय बघा," ती म्हणाली. "माझी तिन्ही पोरं त्यांच्याच हाताखाली शिकली. आता नातवाची पाळी, तर बाई रिटायर व्हायला निघाल्या." सांगून थांबली नाही, दारापर्यंत पोचवायला आली.

शुभदाचे केस पांढरे झाले होते. ताठ बसणं मात्र वडिलांचं. तिनं चहा केला, मग चष्मा लावून पान वाचलं. तिलाही डॉक्टरांच्या अक्षरासाठी दोनदा वाचावं लागलं.

"मी सरस होते हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "मुलांनी तेव्हाच सांगितलं होतं. आणि नोकरीचं म्हणाल तर तिचं दुःख कधीच संपलं. या गावानं मला खूप दिलं. नानांनी एकदाच म्हणायला हवं होतं की तू कमी पडली नव्हतीस. त्यांना हे कळलं असतं तर ते म्हणाले असते. चूक कबूल करायला ते कधी लाजले नाहीत." तिनं पानावरून हात फिरवला. "हे कधी सापडलं तुम्हाला?"

'परवा' असं म्हणता आलं असतं. तिनं विश्वास ठेवला असता.

"मे महिन्यात," मी म्हणाले.

तिनं चष्मा काढला.

"म्हणजे तेव्हा नाना होते."

"होते."

 तिनं पान जुन्याच घडीवर मिटलं, वही माझ्यासमोर ठेवली आणि कपबश्या उचलून आत गेली. नळाचा आवाज आला, मग तोही थांबला. मी बाहेरच्या खोलीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. आतून कुणीतरी बोलावेल असं मला फार वेळ वाटत होतं.