सुभेदारांचं ऊन

“आवं भाऊ, त्यास्नी सध्या काय पायजे हाय?” कुंपणावर दोन्ही हात टेकून, आवाज खाली आणून बाई मला विचारायच्या. तुम्हाला वाटेल, काय मायेची चौकशी! पण ‘त्यास्नी’ म्हणजे ज्यांच्याशी बाईंचं नुकतंच वाजलंय ते.

बाई बालवाडीच्या शिक्षिका होत्या. सांगलीत आमच्या शेजारी एकट्या राहायच्या. वैऱ्यांसाठी प्रार्थना करा, हे येशूचं सांगणं त्यांनी फार मनावर घेतलं होतं. त्यातही मोघम मागणं त्यांना चालत नसे. “भलं कर म्हनलं की मन पळून जातंय. गुडघा बरा कर म्हनलं की गुडघा दिसतोय, मग मानूस दिसतोय.” साहजिकच माहिती लागायची, आणि गल्लीत माझ्याइतका चौकस दुसरा कोणी नाही. दूधवाल्याची पाठदुखी, वरच्या घरातल्या सुनेची रखडलेली बदली, सगळं मीच पुरवलेलं आहे.

“मग मुळात भांडताच कशाला?” मी एकदा विचारलं.

“सभाव हाय माझा. त्यो बी देवाकडनं बदलून मागनार हाय.”

पलीकडच्या सुभेदारांशी मात्र प्रकरण साधं नव्हतं. फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर त्यांनी गच्चीवर सोलर बसवला. त्यावर नेमकी बाईंच्या जांभळाची सावली. पाणी तापेना. आधी विनंती झाली, मग शब्दाला शब्द लागला. बाई साताऱ्याला लेकीकडे गेल्या होत्या तेव्हा सुभेदारांनी आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या छाटून टाकल्या. ते जांभूळ बाईंच्या नवऱ्यानं लावलेलं होतं.

परत आल्यावर बाई भांडल्या नाहीत. मला तर त्याचीच भीती वाटली. संध्याकाळी कुंपणाशी आल्या. “त्यास्नी काय पायजे हाय?” आवाज फाटलेला होता.

“ऊन,” मी म्हणालो. खरं तर मला हसू येत होतं, पण त्यांचा चेहरा बघून गिळलं.

पुढे त्यांनी सुभेदारांच्या रक्तदाबासाठी मागितलं, सरहद्दीवरच्या मुलासाठी मागितलं. मला राहवेना. “आणि ऊन?”

“न्हाई मागितलं.”

“का बरं?”

“मागितलं आन देवानं दिलं, तर?” त्यांनी झाडाकडे पाहिलं. “आमचं मालक गेलं. त्यांच्या हातचं एवढंच ऱ्हायलंय, भाऊ.”

नाताळ झाला आणि एका सकाळी बाईंच्या दारात करवत घेऊन माणसं आली. बाईंनीच बोलावली होती. सुभेदार बनियनवरच धावत आले. “आवं बाई, सगळं झाड नगा पाडू! मला फकस्त शेंडा आडवा येतोय.”

“शेंडा पुन्यांदा फुटंल. मी पुन्यांदा तुमच्यावर चिडंन. पाडा.”

सुभेदार पुढे झाले. दोराचं टोक धरून, झाड बाईंच्या छपरावर येऊ नये म्हणून ताकदीनं ओढत राहिले. मी नुसता उभा. झाड कललं तेव्हा बाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि ओठ हलत होते.

गेल्या वर्षी बाई गेल्या. गल्लीतलं सगळं मला ठाऊक असतं, असं लोक म्हणतात. पण त्या वेळी बाई काय मागत होत्या, आणि कोणासाठी, एवढं विचारायचं माझ्याकडून राहून गेलं.