येणाराची भाकर

आबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघण्याच्या घाईत होते. आबा म्हणजे माझे आजोबा. "माय गेली," एवढंच म्हणाले. मग पलीकडून पुन्हा आवाज आला, "रातची येणाराची भाकर दुरडीत तशीच हाय... कुणी आलंच न्हाई."

आबांची आई म्हणजे माझी पणजी. आम्ही सगळे तिला मोठी माय म्हणायचो. शहागडच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं घर. घरातल्यांपुरत्या भाकरी झाल्या की ती आणखी एक थापायची, ती येणाराची. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं लावलेली ही सवय. ताटं वाढली तरी कुणी घास उचलायचा नाही. आधी ती दारात जाणार, रस्ता दोन्हीकडून पाहणार, मग आत येऊन म्हणणार, "बसा." आमच्या पोटात कावळे ओरडत असायचे आणि हिचं आपलं दार पाहणं चाललेलं. बहुतेकदा कुणीतरी असायचंच. बिघडलेल्या ट्रकचा ड्रायव्हर, बांगड्यावाली, गाडी चुकलेलं एखादं कुटुंब. एकदा मी एका पाहुण्याला नाव विचारलं, तर केवढ्यानं खेकसली माझ्यावर. "आधी जेवू दे त्याला. नाव इचारल्यानं भूक बदलती का?" आणि मागून गुपचूप गुळाचा खडा हातात. नवरा, दोन लेकी, माझी आजी, सगळे तिच्या डोळ्यांदेखत गेले. दर वेळी काही दिवसांनी ती पुन्हा दारात उभी.

मग रस्ता मोठा झाला, गावावरून पूल गेला. गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या. आम्ही जालन्याला आलो, घरात ती आणि आबा उरले. येणाराची भाकर रोज सकाळी गाईपुढं जायची. गेल्या दिवाळीत दारातून परत आली ती भिंतीला टेकून बसलीच. "रस्ता आटला गं... माझ्या माघारी दार लावू नका पण. कुणी आलं तर?"

दहाव्याला गोदावरीच्या काठावर पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, लोक चुळबुळ करू लागले. कुणी काय, कुणी काय कबूल करून पाहिलं. शेवटी आबा हात जोडून पुढं झाले. "माय, मी हितंच राहतो. दार उघडं ठेवतो." लगेच कावळा उतरला. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. मला मात्र भयंकर राग आला, त्या कावळ्याचासुद्धा. आबांना धड दिसत नाही, ते एकटे राहू शकणार नाहीत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आबांनाही. तेरावं उरकलं आणि बाबांनी दाराला कुलूप लावलं. आबा आधीच गाडीत जाऊन बसले होते.

आता ते आमच्याकडे असतात, तिसऱ्या मजल्यावर. समोरच्या दाराला लोखंडी जाळी आहे, आत कोण राहतं आम्हाला माहीत नाही. आई ताटं वाढते. आबा भिंत धरून उठतात, दार उघडतात, जिन्याकडं पाहत उभे राहतात. दिसतं किती, देव जाणे. मग दार तसंच उघडं ठेवून येतात आणि म्हणतात, "बसा." ते बसले की आई हळूच उठून कडी लावते. तो आवाज आबांना ऐकू येतो. हातातला घास तसाच धरून ते थोडं थांबतात... मग खाली मान घालून जेवू लागतात.