तुमच्यात म्हणजे कुणात?

"जरा वाकून झाड. ताठ उभं राहून कोण झाडतं का?"

हे मॅडम माइकवरून म्हणाल्या. सगळं मैदान हसलं. पोरं हसली, मांडवातले पालक हसले, पुढच्या सोफ्यावर बसलेले प्रमुख पाहुणेही हसले. मी नववीत होते. हातात आईनं वळलेली केरसुणी. अंगावर मुद्दाम मागवलेलं जुनं, विटलेलं लुगडं. पुढं पाहुण्यांसाठी अंथरलेला लाल गालिचा. त्या गालिच्यावर कचरा नव्हताच. मी वाकले आणि झाडलं.

असं काही सांगणारे बरेच जण पुढं म्हणतात, मी तिथंच केरसुणी फेकून दिली. मी फेकली नाही. खोटं कशाला सांगू? मॅडमना पाहिजे तशी, कमरेत वाकून, गालिच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडत गेले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या आजही आठवल्या की मला स्वतःचाच राग येतो.

आमची शाळा बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. तिथं सगळ्यांची पोरं. उसाच्या बागायतदारांची, ढोबळी मिरची आणि डाळिंब लावणाऱ्यांची, एमआयडीसीत कामाला आलेल्या बिहारी माणसांची, मेंढपाळांची, मुसलमानांची आणि आमची. आमच्या वर्गात एक ऐकू न येणारा मुलगा होता. त्याच्याशी बोलता यावं म्हणून अख्खा वर्ग हाताच्या खुणा शिकला होता. म्हणजे शाळा वाईट नव्हती. हे मी मुद्दाम सांगते. वाईट शाळेत असं झालं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

त्या वर्षी शाळेनं समावेशन सप्ताह साजरा करायचं ठरवलं. फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलं, 'आपण सारे एक'. एक दिवस वेगवेगळ्या भाषांतली गाणी, एक दिवस खेळ, एक दिवस सगळ्यांनी एकत्र जेवण. शेवटच्या दिवशी मोठा कार्यक्रम, त्यात बारा बलुतेदारांचा देखावा. जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, चांभार, महार, मांग अशी ज्याची त्याची कामं जन्मानं ठरलेली. काम करायचं आणि सुगीला खळ्यावर जाऊन धान्य मागायचं. मॅडमना हे फार आवडायचं. त्या म्हणायच्या, "बघा, त्या काळीसुद्धा गावात कुणी वगळलेलं नव्हतं."

देखाव्याला निवेदन लागणार होतं. त्यासाठी मॅडमनी वर्गात सगळ्यांकडून वाचून घेतलं आणि माझी निवड केली. माझा आवाज मोठा आणि उच्चार स्वच्छ. निवेदन लिहायलाही मलाच सांगितलं. मी तीन दिवस बसून लिहिलं. 'गाव म्हणजे एक घर आणि बलुतेदार म्हणजे त्या घराचे खांब,' असलं. लिहिताना मला ते खरंही वाटलं होतं. खांबावर घर उभं असतं आणि खांब मात्र घराचं ओझं घेऊन जागेवरून हलत नाही, एवढं कळायचं माझं वय नव्हतं. मला फक्त माइक दिसत होता. आमच्या वस्तीतलं कुणीही आजवर माइकसमोर उभं राहिलं नव्हतं. आमची माणसं मिरवणुकीत पुढं हलगी वाजवत, नाहीतर मंडपामागं भांडी घासत. मला माइक पाहिजे होता. भुकेल्याला भाकरी पाहिजे असते तसा पाहिजे होता.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी मॅडमनी मला बोलावलं.

"बाळ, निवेदन वैष्णवी करेल. तू देखाव्यात ये."

वैष्णवी माझ्याच बाकावरची. तिच्या वडिलांनी मांडव दिला होता.

मी म्हणाले, "मॅडम, पण लिहिलंय मी."

"तुझंच वाचणार आहे की ती. अगं, सुताराचा पोरगा सुतार झालाय, कुंभाराची पोरगी कुंभारीण झालीय. खरं वाटलं पाहिजे ना. मांगाच्या कामाला दुसरं कोण आहे? तुमच्यात घरी केरसुण्या असतातच."

मी निवेदनाचे कागद त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांना वाटलं मी रुसले. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"अगं, लक्ष्मी असते ती. दिवाळीला आम्ही हळदकुंकू वाहतो तिला. लाज कसली त्यात?"

खरं होतं ते. दिवाळीच्या आधी आई शिंदीचे फडे आणते, वाळवते, चिरते, मूठ आवळून केरसुण्या बांधते. मग आम्ही दोघी बागायतदारांच्या वाड्यावस्त्यांवर फिरतो. लोक केरसुणीला लक्ष्मी म्हणतात आणि ओट्याच्या खालूनच घेतात. लक्ष्मी घरात जाते. लक्ष्मी आणणारी अंगणात उभी राहते. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला तो शब्द टोचला. 'तुमच्यात.' मॅडम सगळ्यांना 'तू' म्हणायच्या. वैष्णवीला 'तुझ्याकडे डाळिंबं लागली का' विचारायच्या. मला मात्र 'तुमच्यात'. तुमच्यात लग्नं लवकर करतात का? तुमच्यात मटण कसं करतात? मी एकटी कधी नव्हतेच. माझ्यामागं कायम एक वस्ती उभी असायची आणि मॅडम तिच्याशीच बोलायच्या.

घरी सांगितलं तर आई खूश. शाळेनं केरसुणी मागितली याचंच तिला अप्रूप. शिवाय तिलाही बोलावणं होतं. फाटकाजवळ बसून केरसुणी कशी वळतात ते पाहुण्यांना दाखवायचं होतं. अण्णा, माझे वडील, मार्केट यार्डात हमाली करतात. ते जेवता जेवता एवढंच म्हणाले, "मॅडमला उलट बोलू नगं. धाव्वीपतुर त्यास्नीच तोंड द्यायचंय."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असा. मारणारा पाठीवरून हात फिरवतो आणि तोंड आपलीच माणसं दाबतात.

कार्यक्रमाच्या दिवशी आई फाटकाजवळ पोत्यावर बसली. नवी साडी नेसली होती, ती मॅडमनी बदलायला लावली नाही हे त्यातल्या त्यात नशीब. पाहुणे आले, थांबले, फोटो झाला. माता पालकांचा सत्कार होता. वैष्णवीच्या आईला खुर्चीवर बसवून हळदकुंकू लावलं, नारळ आणि खण हातात दिला. आईच्या वेळी मॅडम वाकल्याच नाहीत. उभ्याउभ्या नारळ सोडला. आईनं पदर पसरला होता, त्यात तो धप्पकन पडला. आईनं तो पदराआड घेतला आणि हसून नमस्कार केला.

मग देखावा. मॅडमनी ते वाकायचं सांगितलं. मी वाकले. वर स्टेजवर वैष्णवी माझं निवेदन वाचत होती. 'सामंजस्य' या शब्दाला ती अडखळली, दोनदा अडखळली. मी खाली मान घालून झाडत होते आणि ओठातल्या ओठात माझीच वाक्यं म्हणत होते. एकही शब्द चुकला नाही. कुणाला ऐकू गेला नाही.

घरी येताना मी आईला विचारलं, "तुला खुर्चीवर का न्हाय बसवलं?"

आई म्हणाली, "खुर्चीवर बसून केरसुणी वळता येत न्हाय, बाय."

ती मला गप्प करत होती की स्वतःला, हे मला आजही सांगता येणार नाही. नारळ आम्ही फोडला. आईनं त्याच्या वड्या केल्या आणि मी त्या खाल्ल्या, गोड लागल्या, याचीही मला लाज वाटते.

आठवड्यानं मॅडमनी परत बोलावलं. देखावा सगळ्यांना आवडला होता. इंदापूरला तालुक्याच्या कार्यक्रमात तो करायचा होता. मॅडम फार आनंदात होत्या. म्हणाल्या, "तुझं झाडणं आपल्या पाहुण्या साहेबांना सगळ्यात आवडलं."

मी म्हणाले, "मी येणार नाही."

"का गं?"

"निवेदन दिलं तर येते. झाडायला येणार नाही."

मॅडम हसल्या. "एवढं काय लाजायचं? तुमच्यात तर..."

"मॅडम, तुमच्यात म्हणजे कुणात?"

हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. ठरवून म्हणाले नाही. शिक्षकांच्या खोलीत आणखी दोघं-तिघं होती, त्यांनी वह्यांतून माना वर केल्या.

"म्हणजे... तुमच्यात गं," मॅडम म्हणाल्या.

"कुणात?"

स्टेजवर बलुतेदारांची नावं त्यांनी खड्या आवाजात घेतली होती. देखाव्यात चालणारा शब्द समोर उभ्या पोरीला म्हणता येईना. मग त्यांचा चेहरा बदलला.

"तुला मी मुलीसारखं वागवलं. तू मला जातीवर आणतेस?"

म्हणजे जात मी आणली. दुसऱ्या दिवशी अण्णांना बोलावणं आलं. यार्डातला खाडा करून ते आले. मुख्याध्यापकांच्या ऑफिसात खुर्ची रिकामी होती, पण ते उभेच राहिले. मी काय बोलले ते त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "लहान हाय, सर. कळत न्हाय तिला. माफी असावी."

मी दारात उभी होते. मला ओरडून सांगायचं होतं की अण्णा, हात खाली घ्या. ज्या आवाजासाठी माझी निवड झाली होती तो ऐन वेळी घशातच राहिला. परत जाताना अण्णा माझ्यावर रागावलेही नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

पण मी इंदापूरला गेले नाही. अण्णांनी सांगितलं, आईनं रडून सांगितलं, वैष्णवी घरी येऊन सांगून गेली. मी हलले नाही. शाळेची गाडी निघाली त्या सकाळी मी दाराला कडी लावून बसले होते. मला वाटत होतं, आता देखावा अडेल. मांगाशिवाय बलुतेदार पुरे होतात कसे ते बघू. पहिल्यांदा मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. दिवसभर मी त्या गुर्मीत होते.

देखावा अडला नव्हता.

संध्याकाळी सोनी पळत पळत आमच्या दारात आली. सोनी म्हणजे शेजारची, सहावीतली. केसांत गजरा, ओठांना लाली, हातात प्रमाणपत्र आणि स्टीलची नवी पाण्याची बाटली.

"ताई, मला बक्षीस मिळालं! उत्कृष्ट अभिनय! बघ की! तुझ्यापरास चांगलं झाडलं म्हनं मी. मॅडम म्हनल्या, कुनी शिकवावंच लागलं न्हाय."

मी प्रमाणपत्र हातात घेतलं. खरंच तिचं नाव होतं, सुंदर अक्षरात. माझ्या नकारानं काय झालं होतं? काहीच नाही. केरसुणी एका हातातून दुसऱ्या हातात गेली होती, तेही आणखी लहान हातात. मी फक्त स्वतःला बाजूला काढलं होतं आणि माझी जागा रिकामी ठेवली होती. ती भरायला मॅडमना आमच्या वस्तीच्या बाहेर जावं लागलं नाही.

सोनी माझ्याकडं टक लावून बघत होती. मी शाबास म्हणायची वाट बघत होती. इतकी आनंदी ती मी कधी बघितली नव्हती. आता काय करावं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शाबास म्हणावं तर ती पुढच्या वर्षी आणखी वाकणार. खरं सांगावं तर हे एवढंसं तोंड उतरणार.

मी तिला उंबऱ्यावर बसवलं आणि सांगितलं. वैष्णवीला कधी झाडायला का सांगत नाहीत ते सांगितलं. तुझीच निवड का झाली ते सांगितलं. लोक का हसले, साहेबांना काय आवडलं, सगळं सांगितलं. सोप्या शब्दांत, हळू आवाजात, पण काही राखून न ठेवता.

ती आधी म्हणाली, "खोटं बोलतीस. तुला न्हाय मिळालं म्हनून."

मी म्हणाले, "मॅडमना विचार. पुढच्या वेळी मी पाटलीण होऊ का, एवढंच विचार."

ती विचारत बसली असणार मनातल्या मनात, कारण थोड्या वेळानं तिचे ओठ थरथरायला लागले. मग ती रडली. बाटली तिथंच टाकून पळाली. तिची आई तरातरा आली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलली, "लेकराच्या तोंडातला घास काढलास तू! एक दीस हसलं हुतं ते. काय मिळालं तुला?"

काहीच मिळालं नव्हतं. सोनी त्यानंतर दीड महिना माझ्याशी बोलली नाही. मला फार वाईट वाटलं, खोटं नाही सांगत, रात्रीची झोप लागायची नाही. तिचा आनंद मीच मोडला होता. मॅडमनी नाही, साहेबांनी नाही, मी.

आज मी बारामतीला नर्सिंग शिकते. सुट्टीला घरी जाते. शाळेत सप्ताह दर वर्षी होतो, देखावा दर वर्षी होतो, मॅडम अजून आहेत. त्या भेटल्या की माझी चौकशी करतात. मी बदलू शकले असं तिथं काही नाही. पण दर वर्षी सप्ताहाच्या आधी मी वस्तीवर जाते. पाचवीत, सहावीत गेलेल्या पोरी शोधते आणि एकेकीला उंबऱ्यावर बसवून सांगते. आया शिव्या देतात. पोरी रडतात. रडू देत. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं म्हणून मी भर मैदानात वाकले. ह्यांना माहीत असेल. माहीत असूनही एखादी वाकेल, तिच्या घरच्यांना हात जोडावे लागतील म्हणून वाकेल. पण कुणी टाळ्या वाजवल्या तर तिला त्या बक्षीस वाटणार नाहीत. तेवढं मी करणार. पोरींनी माझं तोंड बघायचं सोडलं तरी करणार.