चित्र हललं तेव्हा

सूनबाई हल्ली रविवारी परदेशातल्या जुन्या अंतराळ मालिका लावून बसते. यान ताऱ्यांच्या पलीकडे पोचलेलं असतं, पण भिंतीवर टेलिफोनसारख्या गोल तबकड्या. कप्तान पुरुष, आणि बाई कानाला यंत्र लावून त्याचे निरोप घेते. नातवंडं खो खो हसतात आणि मी त्यांना दटावते. भविष्य रंगवायला बसलेला माणूस रंग आपल्याच घरातले घेतो, हे मी त्र्याहत्तर साली संगमनेरात पाहिलंय. पाहिलंय काय, त्यात कामच केलंय.

तेव्हा मी बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, हॉस्टेलवर राहत होते. मुंबईत टीव्ही नुकताच सुरू झालेला. आमचे फिजिक्सचे सर दिवाळीत मेव्हण्याकडे तो पाहून आले आणि त्यांना दुसरं काही सुचेना. स्नेहसंमेलनात त्यांनी टीव्हीच बसवायचा ठरवला. बांबूची मोठी चौकट, तिला काळा कागद, पुढे पडदा म्हणून मच्छरदाणी, आणि आत आम्ही. मेव्हण्याच्या सेटवर चित्र सारखं हलायचं. सरांना वाटलं, टीव्ही असाच असतो. म्हणून त्यांचा नियम होता: त्यांनी घंटा वाजवली की सगळ्यांनी उभं राहून, डोळे मिटून कमरेपासून डुलायचं आणि दुसरी घंटा झाली की थांबायचं. आमच्यापैकी कुणीच टीव्ही पाहिला नव्हता, त्यामुळे आम्ही निमूट डुलत होतो.

नाटक घडत होतं दोन हजार साली, चंद्रावर. पण लिहिलं होतं दुष्काळात. त्यामुळे चंद्रावर पाण्याचा टँकर पृथ्वीवरून यायचा, रेशनला अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीसाठी रांग असायची आणि चंद्रवासी किरणांच्या बंदुकीनं खडी फोडायचे. साखर कारखानाही होता, आणि त्याच्या चेअरमनकीची निवडणूकही. डोक्यावर शिरस्त्राण म्हणून दुष्काळी कामावरून मागून आणलेली घमेली. सगळ्यांना कामं होती. मला होतं चंद्रावरच्या वहिनीचं. बटण दाबलं की चहा तयार, आणि बटण दाबायला वहिनी.

"सर, दोन हजार सालीसुद्धा चहा मीच द्यायचा?" मी विचारलं.

सर खरोखरच गोंधळले. "मग कोण देणार?"

मला हसू आलं नाही. कारण तोच प्रश्न घरीही सुटलेला होता. आमच्या घरात शब्द चालायचा थोरल्या काकांचा, म्हणजे तात्यांचा. पुणतांब्याहून त्यांचा निरोप आला होता, की संमेलनाला कोपरगावकडची मंडळी येतील, मुलगी लांबूनच बघतील, तेव्हा नीट वाग. पसंत पडलीस तर उन्हाळ्यात बार उडवू. म्हणजे बीएस्सी पहिल्याच वर्षात गुंडाळायची.

भर दुपारी मांडवात नाटक लागलं. पुढच्या रांगेत तात्या आणि त्यांच्या शेजारी कडक टोपीतले मुलाचे वडील. मी पदर सावरून चहाचा ट्रे घेऊन आले. मुलाच्या वडिलांनी समाधानानं मान हलवली. ती मान पाहून माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात घंटा झाली. कप्तान, म्हणजे आमच्या वर्गातला नवेच कल्ले राखलेला एक मुलगा, खुर्चीतून उठून डोळे मिटून भक्तिभावानं डुलू लागला. मी ट्रे त्याच्या हातांवर टेकवला. त्यानं बिचाऱ्यानं तो धरलाही. दुसरी घंटा झाली तेव्हा त्याच्या खुर्चीत मी बसले होते.

विंगेत सरांनी कपाळाला हात लावला. मांडवात मात्र कुणाला काही खटकलं नाही. टीव्ही पाहिला होता कुणी? चित्र हललं की असं होत असेल, असंच सगळे समजले.

"कप्तान," मी दरडावलं, "कप खाली ठेवा आणि पृथ्वीला कळवा. टँकर वेळेवर पाठवायचा!"

मागे बसलेल्या बायकांनी टाळ्यांनी मांडव डोक्यावर घेतला. तसा टँकरला खडसावणारा माणूस त्या वर्षी सगळ्यांनाच हवा होता. नंतर निवडणुकीत मी चेअरमनही झाले. तेही सरांनी लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांना सोडायला मी एसटी स्टँडवर गेले. बाकावर बसल्यावर ते म्हणाले, "त्यांनी नको म्हनलं."

"का?"

"पोरगी चांगली हाय म्हनले, पर आमच्या घरात एवढा आवाज मावायचा न्हाई."

मी मान खाली घातली. तेवढ्यात आमचा बाक हलायला लागला. पाहते तर तात्या उपरण्यात तोंड खुपसून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग डोळे पुसत म्हणाले, "सुट्टीला ये. पर पुस्तकं घिऊन ये. शेवटलं वरीस हुईस्तोवर पाव्हनं आनायची न्हाईत आता."

मांडवभर लोकांपुढे न डगमगलेली मी, त्या बाकावर हमसून हमसून रडले. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. तात्या चढले, गाडी हलली, तरी मी रडतच होते. अख्खा स्टँड माझ्याकडे बघत होता. बघू दे, म्हटलं.