मसाल्याचा पाव आणि बाबांचा हात

कोमट दुधात यीस्ट फुगायला लागलं, की त्या आंबूस वासाने मला वाडीतलं आमचं भाड्याचं घर आठवतं. उभं आयुष्य ट्रक चालवलेल्या माझ्या बाबांना तेव्हा अर्धांगवायू होऊन गेला होता आणि उजवा हात लुळा पडला होता. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू त्यांनी कपाटावर फेकून दिला, म्हणाले, “मी काय लेकरू आहो काय?” एका दुपारी मी सावजी मसाला घालून पाव करायला घेतला. घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मिऱ्यांचा वास सुटला होता, पण मैदा हाताला चिकटून मी रडकुंडीला आले होते. बाबा पाय ओढत आले. “काहून चिडून राहिली वं? आण इकडे.” डाव्या हाताने त्यांनी उजवा हात उचलून परातीत ठेवला आणि अंगाचा सगळा भार टाकून पीठ रेटू लागले. बनियन घामाने भिजलं. “बाबा, राहू द्या न,” मी म्हणाले. “घाटात स्टेअरिंग याच्याहून जड राहते, बेटा.” पीठ लोण्यासारखं मऊ झालं तेव्हा त्यांचा अंगठा आपसूक हलला आणि पिठात रुतला. त्यानंतर कित्येक महिने ते रोज पीठ मळायचे आणि सगळी गल्ली तो तिखट पाव खायची. ट्रक काही पुन्हा त्यांच्या हाती आला नाही. पण इतकं चिवट माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही. माझ्या लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली, ती उजव्याच हाताने.