मायच्या कानशिलातली दाढ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मायला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा तुमच्याजवळ बोलता येतंय.

माझी माय काटोलची. संत्र्यांच्या बाजारात ढिगाशी बसून मोठं फळ, लहान फळ वेगळं करायची. त्या कामावर तिनं मला नागपूरला कॉलेजात शिकवलं. पदवी म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं, की पोरगा शिकून राहिला. आज माझं जे काही आहे ते तिचं आहे. हे आधी सांगतो — कारण पुढचं सांगायला जीभ रेटत नाही.

मायला मिस्रीची सवय होती. तंबाखू तव्यावर भाजायची, कुटायची, सकाळ-संध्याकाळ दातांना लावायची. बाजारातल्या सगळ्याच बायका लावत. तिचे दात काळे होते, पण लहानपणी ते मला कधी दिसलेच नाहीत. दिसले ते लग्न जमताना. मुलगी नागपूरची, शिकलेल्या घरातली. तिची मोठी बहीण, वैशालीताई, दातांची डॉक्टर. बैठकीत मुलीच्या वडिलांनी सहज विचारलं — घरात कुणाला तंबाखू वगैरे? मी म्हणालो, नाही.

मग लग्नाआधी मायला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "त्या लोकायसमोर तोंड उघडू नको."

"बरं गा," ती म्हणाली. अख्ख्या लग्नात पदर तोंडाशी धरून हसली. पाहुणे म्हणाले, विहीणबाई किती लाजाळू!

एवढंच असतं तर मी तुम्हाला कशाला थांबवलं असतं?

पुढे तिचं डोकं दुखू लागलं. उजवं कानशील तळव्यानं दाबून बसायची, कपाळाला फडकं घट्ट बांधायची. मी तिला नागपूरला आणून डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं, चष्मा लागला. मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोक्याचा फोटो काढायला लावला, त्यात काही निघालं नाही. माय म्हणायची, "राहू दे ना बाप्पा, किती धावतं माह्यासाठी?"

त्या दिवाळीत आम्ही नवरा-बायको वैशालीताईंकडे फराळाला गेलो. त्या एका पेशंटची गंमत सांगत होत्या — अर्धशिशी समजून महिनोन्‌महिने औषधं घेत होता, आणि निघाली वरची किडलेली दाढ! "दाताची आणि कानशिलाची खबर एकाच मोठ्या नसेतून मेंदूकडे जाते. मेंदूलाच कळत नाही दुखतंय कुठं. कीड दाढेत, बोंब डोक्यात!"

सगळे हसले. मी मात्र थक्क होऊन बसलो. एवढीशी दाढ — आणि तिचं रडणं दुसऱ्याच घरातून ऐकू यावं? आणि त्याच क्षणी काटोलची माय डोळ्यांपुढे आली. घास फक्त डावीकडून चावणारी. थंड पाण्याचा घोट घेतला की उजवा डोळा मिटणारी.

मला कळलं. तिथंच, फराळाच्या ताटावर. पुढ्यात डॉक्टर बसली होती. एक वाक्य बोलायचं होतं — आणि मी करंजी खात राहिलो.

का? कारण दाढ दाखवायची म्हणजे तोंड उघडावं लागणार. नागपुरात दुसरे दातांचे डॉक्टर नव्हते का? होते, गल्लोगल्ली. पण बायकोनं विचारलं असतं — ताई असताना दुसरीकडे कशाला? म्हणून मी मायला बाम नेऊन दिला. गोळ्या नेऊन दिल्या. एक नवा डॉक्टरही शोधला — तोही असा, की ज्याच्यापुढे तोंड उघडावं लागत नाही. पुढची दिवाळी आली तरी मी गप्पच होतो.

मग एकदा ती आमच्याकडे आली असताना तिचा गाल सुजला. मी ऑफिसात होतो. बायकोनं तिला थेट ताईंच्या दवाखान्यात नेलं आणि मला फोन केला — "आई तोंडच उघडत नाहीत, तुम्ही या."

मी गेलो. माय त्या मोठ्या खुर्चीत बसली होती. डोळ्यांतून पाणी, तोंडात पदराचा बोळा. ताई म्हणाल्या, "घाबरल्यात." मायनं पदराआडूनच म्हटलं, "हो वं बाई, भेव लागते."

मग माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "उघडू का गा?"

त्या दोघींना वाटलं, ती लेकाकडून धीर मागतेय. ती काय मागत होती ते मला एकट्याला माहीत होतं. एवढ्या ठणक्यात ती माझा शब्द धरून बसली होती! माणसात एवढं असू शकतं, हे मला कोणत्याच वर्गात शिकवलं नव्हतं.

"उघड, माय."

ताई वाकल्या, दिव्याखाली पाहिलं. "मिस्री ना, आई? मी दिवसभर हेच पाहते." बस्स, एवढंच. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, मिस्रीचं का लपवलं? मी म्हणालो, लाज वाटली. ती हसून विसरली. दिवाळीचं मी तेव्हाही सांगितलं नाही.

सूज उतरल्यावर दाढ काढली. काही दिवसांनी माय स्वयंपाकघरात बायकोला म्हणाली, "डोस्कं इतकं हलकं लागून राहिलं वं, जाग्यावर हाय ना पाह्य बरं!" आणि हसली — पदराशिवाय, मोठ्यानं. माझ्या घरात तिचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं. दारात उभा राहून ऐकत राहिलो.

परवा काटोलला गेलो होतो. अंगणात शेजारच्या बाया जमल्या होत्या. माय त्यांना सांगत होती, "माह्या पोरानं माह्या डोस्क्यासाठी सारं नागपूर पालथं घातलं." एक म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, असा लेक साऱ्यायले भेटो.

मी चहा पीत होतो. नाही म्हणालो नाही. दुखणं कशाचं आहे हे मला वर्षभर माहीत होतं.